टिल्टरोटर १९५८ मध्येच जमलं होतं, मग वापरात यायला २००७ का उजाडलं?

होटगीकर यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. वाद आमच्या चहाच्या टपरीवरचा आहे, पण तिथं सगळेच तज्ज्ञ असल्यामुळे उत्तर काही मिळेना. म्हणून इथं टाकतोय.

आमचं घर सोलापुरात होटगी रोडला. जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाल्यापासून एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) चढताना-उतरताना दिसतं, आणि ते दिसलं की टपरीवर विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीचा विषय निघतोच. (हात जोडतो, इथं त्याचं राजकारण करू नका. चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, तो विषय संपला.) परवा आमचा एक मित्र म्हणाला, अमेरिकेत असं विमान आहे की हेलिकॉप्टरसारखं जागेवरून वर उठतं, मग पंखांच्या टोकाचे मोठे पंखे पुढं वाकवतं आणि विमानासारखं सुसाट जातं. त्यालाच टिल्टरोटर म्हणतात. तसलं आणलं असतं तर चिमणीही राहिली असती आणि विमानही मिळालं असतं, असं त्याचं म्हणणं.

घरी येऊन वाचत बसलो तर चक्रावलो. मला वाटलं होतं ही आत्ताची काहीतरी भानगड असेल. पण बेल कंपनीचं एक्सव्ही-३ हे प्रायोगिक विमान १९५५ मध्ये जमिनीवरून उठलं आणि १८ डिसेंबर १९५८ ला त्यानं हवेतल्या हवेत हेलिकॉप्टरचं पूर्ण विमान होऊन दाखवलं. आणि सैन्यात प्रत्यक्ष रुजू झालेलं पहिलं टिल्टरोटर, व्ही-२२ ऑस्प्रे, ते आलं २००७ मध्ये! मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला. काँकॉर्ड उडालं, म्हातारं झालं आणि संग्रहालयात जाऊन बसलं.

माझा प्रश्न साधा आहे. पंखा ९० अंशात वाकवायचा म्हणजे एक बिजागरी आणि एक मोटर. त्यात एवढं काय अडलं? पैसा नव्हता, राजकारण होतं, की खरंच यंत्रात काही गाठ होती? मी कॉमर्सचा माणूस, यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहितो. पण नीट सांगितलं तर समजतं मला.

नवीपेठ_७ यांचं उत्तर:

गाठबीठ काही नाही हो. ऑस्प्रेचे अपघात शोधा म्हणजे उत्तर मिळेल. १९९२ मध्ये सात गेले, एप्रिल २००० मध्ये ॲरिझोनात एका फटक्यात १९, त्याच डिसेंबरात आणखी चार, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात जपानजवळ आठ. कल्पनाच चुकीची आहे. धड हेलिकॉप्टर नाही, धड विमान नाही. आपल्याकडं म्हणतात तसं, एक ना धड भाराभर चिंध्या.

बाकी तुमच्या मित्राला माझा नमस्कार. चिमणीचा विषय काढू नका म्हणता आणि प्रश्नात तोच घालता.

गिअरबॉक्सवाले_काका यांचं उत्तर:

होटगीकर, बिजागरी अवघड नव्हती. तो त्या विमानाचा सगळ्यात सोपा भाग. आणि नवीपेठवाले, अपघातांचे आकडे बरोबर आहेत, पण त्यांची कारणं एकमेकांत मिसळू नका. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, त्याकडं नंतर येतो.

आधी मी कुठल्या बाजूनं बोलतोय ते सांगतो. मी विमानातला माणूस नाही. पूर्वी मिलमध्ये मेंटेनन्सला फिटर होतो. मिल बंद पडल्यावर अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका वर्कशॉपात गिअरबॉक्स उघडायला लागलो, तो हात थकेपर्यंत. शाफ्ट, बेअरिंग, पिनियन (छोटं दातेरी चाक), कपलिंग यातच केस पिकले. टिल्टरोटरचा नाद लागला तोही यामुळंच. त्या विमानाची सगळी कथा शाफ्ट आणि बेअरिंगची आहे, उडणं नंतर येतं.

ही उठाठेव करायची कशाला, ते आधी. हेलिकॉप्टर पुढं जाताना एका बाजूचं पातं वाऱ्याच्या अंगावर जातं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्याच्या दिशेनं मागं सरतं. वेग वाढवत नेला की पुढं जाणाऱ्या पात्याचं टोक आवाजाच्या वेगाजवळ जातं, आणि मागं सरणाऱ्या पात्याला पुरेसा वाराच मिळत नाही, त्याची उचल संपते. म्हणून साध्या हेलिकॉप्टरला वेगाची भिंत आहे. १९८६ मध्ये खास तयार केलेल्या वेस्टलँड लिंक्सनं ताशी ४००.८७ किलोमीटर गाठले, तो विक्रम अजून उभा आहे. रोटर, म्हणजे तो मोठा फिरता पंखा, पुढं वाकवून त्याचा प्रोपेलर केला आणि उचलीचं काम पंखावर टाकलं, तर ही भिंत बाजूला होते. लोभ इथं आहे.

आता तुमची पन्नास वर्षं. बेलच्याही आधी ट्रान्सेन्डेंटल नावाच्या छोट्या कंपनीनं मॉडेल १-जी नावाचं एकआसनी यंत्र १९५४ मध्ये उडवलं होतं. रोटर जवळजवळ पूर्ण पुढं वाकेपर्यंत त्यांची मजल गेली, पण १९५५ च्या जुलैत ते चेसापीक उपसागरात कोसळलं. त्या कंपनीतले रॉबर्ट लिख्टन तोवर बेलमध्ये आले होते आणि त्यांच्याकडं एक्सव्ही-३ चं काम होतं.

एक्सव्ही-३ ची रचना बघा. इंजिन एकच, पिस्टनचं, ४५० अश्वशक्तीचं, आणि ते पोटात. तिथून पंखातून शाफ्ट काढून दोन्ही टोकांच्या रोटरना ताकद न्यायची. वर दोन वेगांचा गिअरबॉक्स, कारण तरंगताना रोटर जोरात फिरायला हवा आणि विमान झाल्यावर हळू. म्हणजे पायलटनं उडता उडता गिअर बदलायचा! एवढं लोखंड त्या इंजिनाला झेपत नव्हतं. जमिनीपासून जरा वर जागेवर तरंगायचं म्हटलं की त्याचा दम निघायचा. त्या काळात हलकं आणि ताकदवान टर्बाइन इंजिन अजून हाताशी आलेलं नव्हतं. उशिराचं हे पहिलं कारण, आणि ते सोपं कारण आहे.

अवघड कारण वेगळं. २५ ऑक्टोबर १९५६ ला रोटर थोडे पुढं वाकवले असताना विमान इतकं थरथरलं की पायलट डिक स्टान्सबरी यांची शुद्ध हरपली. विमान पडलं. ते वाचले, पण जबर जखमी झाले. पहिले रोटर तीन पात्यांचे आणि लांब दांड्यावर बसवलेले होते. दुसऱ्या विमानाला दोन पात्यांचे, जास्त ताठ रोटर आखूड दांड्यावर लावले, आणि मग १९५८ चं ते रूपांतर झालं. तुमच्या मित्रानं इथंच टाळ्या वाजवल्या असत्या. पण खरा त्रास रूपांतरानंतर सुरू होतो, विमान होऊन वेग वाढवला की.

जुन्या घरातला लांब दांड्याचा छताचा पंखा आठवा. हुक ढिला असेल तर पंखा फिरतो तो फिरतोच, वर त्याचा अख्खा दांडा गोल गोल घुमायला लागतो. घरातल्या पंख्याचं ते घुमणं थोडं वाढून थांबतं, कारण त्याला बाहेरून खाद्य मिळत नाही. टिल्टरोटरमध्ये तो दांडा म्हणजे रोटरचा खांब, आणि हुक म्हणजे पंखाचं टोक. पंख कितीही भक्कम केला तरी टोकाला थोडा लवतोच. विमान वेगात जाताना समोरून येणारा वारा फिरत्या पात्यांवर असा बसतो की खांब जरा एका बाजूला कलला की पात्यांवरचा जोर त्याला आवरण्याऐवजी आणखी ढकलतो. म्हणजे घुमण्याला खाद्य समोरच्या वाऱ्यातून मिळतं. एका ठरावीक वेगाच्या पुढं ते घुमणं स्वतःहून वाढत जातं आणि काही सेकंदांत पंख मोडू शकतो. याला व्हर्ल फ्लटर म्हणतात.

हे फक्त टिल्टरोटरचं दुखणं होतं असंही नाही. लॉकहीड इलेक्ट्रा नावाचं चार प्रोपेलरचं प्रवासी विमान सप्टेंबर १९५९ मध्ये टेक्सासवर आणि मार्च १९६० मध्ये इंडियानावर हवेत पंख तुटून पडलं. दोन्ही मिळून ९७ माणसं गेली. चौकशीत निघालं हेच, इंजिनाची बैठक पुरेशी ताठ नव्हती. त्या अपघातांनंतर या विषयाकडं लोक गंभीरपणे बघायला लागले. आणि इलेक्ट्राचा प्रोपेलर छोटा आणि ताठ. टिल्टरोटरचा रोटर त्याच्या दुपटीएवढा, लवचिक पात्यांचा, आणि तोही पंखाच्या अगदी टोकाला टांगलेला. विचार करा.

एक्सव्ही-३ नासाच्या एम्स केंद्रातल्या चाळीस बाय ऐंशी फुटांच्या मोठ्या वायुबोगद्यात बांधून तपासलं. तिथं ही अस्थिरता डोळ्यांना दिसली. मग वर्षानुवर्षं बदल, गणित, परत बोगदा. मे १९६६ मध्ये बोगद्याच्या सर्वोच्च वेगाला चाचणी चालली होती आणि पंखाचं टोक निकामी होऊन दोन्ही रोटर उखडून गेले. विमान संपलं. पण बेलच्या अर्ल हॉल यांनी त्या सुमारास हे घुमणं का होतं याचं गणित मांडलं होतं, आणि ते बोगद्यातल्या मोजमापांशी जुळलं. माझ्या मते टिल्टरोटर खऱ्या अर्थानं तिथं जमलं, १९५८ मध्ये नाही. आमच्या कामातही मशीन चालू झालं म्हणजे दुरुस्ती झाली असं कोणी मानत नाही. का बिघडलं होतं ते कळेपर्यंत झाकण लावायचं नसतं.

पुढचं विमान एक्सव्ही-१५. नासा आणि अमेरिकन लष्कर यांचा एकत्र कार्यक्रम, १९७३ मध्ये बेलला काम मिळालं. त्याच्या पंखाकडं बघा, विचित्र जाड दिसतो. जाडी रुंदीच्या २३ टक्के. एवढा जाड पंख वेगवान विमानाला कोणी देत नाही, त्यानं वाऱ्याचा अडथळा वाढतो. पण जाड पंख पिळला जात नाही, म्हणून तो तोटा त्यांनी मुद्दाम पत्करला. पात्यांचा पीळही तसाच तडजोडीचा. हेलिकॉप्टरच्या पात्याला पीळ थोडका असतो आणि प्रोपेलरला भरपूर. इथं चाळीस अंशांच्या घरात ठेवला, म्हणजे तरंगताना थोडं नुकसान आणि पुढं जाताना थोडं नुकसान. इंजिनं पोटातून काढून रोटरबरोबर पंखाच्या टोकाला नेली, कारण आता १,५५० अश्वशक्तीची हलकी टर्बाइन मिळत होती. पंखातला शाफ्ट मात्र ठेवला. एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्याची ताकद त्यातून दोन्ही रोटरना जाते. तो शाफ्ट नसता तर एका इंजिनाच्या बिघाडात विमान तिथंच उलटं झालं असतं.

आणि तो उडता उडता गिअर बदलायचा प्रकार? गेला. एक्सव्ही-१५ मध्ये इंजिनाचाच वेग थोडा कमी करतात, रोटर मिनिटाला ५८९ फेऱ्यांवरून ५१७ वर येतो. एक अख्खा गिअरबॉक्स वाचला. हे वाचलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता, घरात कोणाला सांगून उपयोग नव्हता.

पहिलं तरंगणं ३ मे १९७७, पूर्ण रूपांतर २४ जुलै १९७९. पुढच्या वर्षी ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या पुढं. १९८१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर उडवलं. घुमणं नाही, थरथर नाही. म्हणजे तुमच्या ४९ वर्षांतली पहिली वीस-एकवीस तरी यंत्राच्या गाठीची धरा.

उरलेली पैशाची आणि सरकारची. एप्रिल १९८० मध्ये इराणमधून ओलीस सोडवायची अमेरिकेची मोहीम फसली, त्यात हेलिकॉप्टरं कमी पडली. लांब जाणारं आणि जागेवर उतरणारं काहीतरी हवं, ही गरज तिथं सगळ्यांना पटली. त्यातून ऑस्प्रे निघालं. पहिलं उड्डाण १९ मार्च १९८९. त्याच वर्षी संरक्षणमंत्री डिक चेनी ते रद्द करायला निघाले, महाग म्हणून. अमेरिकेच्या काँग्रेसनं दरवर्षी पैसे देऊन ते जगवलं. मग अपघात, मग परत चौकशी, परत बदल. या भागात मला फारसा रस नाही, कोणत्याही सरकारी कामाची हीच गोष्ट असते.

होटगीकर:

काका, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. पंख्याचं लगेच डोक्यात बसलं, आमच्या वाड्यात तसला एक आहे. टपरीवर वाचून दाखवलं. मित्र म्हणतो, ठीक आहे, पण चिमणीचं उत्तर राहिलंच.

माजी_वायुसैनिक_बार्शी यांचं उत्तर:

चिमणीचं मी सांगतो. मी वायुदलात एमआय-१७ हेलिकॉप्टरवर जमिनीवरचं काम केलंय, त्यामुळे रोटरखाली उभं राहणं काय असतं ते माहीत आहे.

एमआय-१७ चं वजन जास्तीत जास्त १३,००० किलो आणि रोटर २१ मीटर व्यासाचा. रोटरच्या वर्तुळाच्या दर चौरस मीटरवर साधारण ३७ किलो भार येतो. तेवढ्यानं उन्हाळ्यात उघड्या माळावर उतरताना समोरचा माणूस दिसत नाही, तोंडात माती जाते. ऑस्प्रे जागेवरून उठताना २३,८०० किलोच्या आसपास आणि रोटर दोन, पण प्रत्येकी फक्त साडेअकरा मीटरचे. हिशेब केला तर दर चौरस मीटरला ११३ किलो. तिप्पट! रोटर लहान ठेवावे लागतात, कारण पुढं वाकल्यावर त्यांना प्रोपेलर व्हायचंय, आणि दोघांच्या मधे विमानाचं अंग बसवायचंय. छोट्या वर्तुळातून तेवढंच वजन उचलायचं तर हवा जोरात खाली फेकावी लागते. वर त्या हवेखाली स्वतःचाच पंख आडवा येतो, त्यात दहा टक्क्यांच्या आसपास उचल वाया जाते. सोलापूरच्या मे महिन्यात, ४३-४४ अंशांत, पातळ हवेत हे सगळं आणखी बिघडतं.

म्हणून जागेवरून उठणं फुकट नसतं. ऑस्प्रेलाही थोडं धावू दिलं तर ते २७,००० किलोच्या पुढचं वजन घेऊन उठतं. म्हणजे धावपट्टी असेल तर टिल्टरोटरवालाही ती वापरेलच. मुलकी वापरासाठीचं एडब्ल्यू-६०९ मार्च २००३ मध्ये पहिल्यांदा उडालं. वीस वर्षं उलटली तरी ते नेहमीच्या प्रवासी सेवेत दिसत नाही. प्रवासी नऊ. एटीआरमध्ये सत्तरच्या वर बसतात. तिकीट किती पडेल याचा हिशेब तुम्हीच करा, कॉमर्सवाले तुम्ही आहात.

नवीपेठवाल्यांनी २००० चा ॲरिझोनाचा अपघात काढला, तो मराना इथला, ८ एप्रिलचा. पुढं वेग फार कमी आणि खाली उतरायचा वेग मिनिटाला दोन हजार फुटांच्या पुढं. अशा वेळी रोटर स्वतःच खाली फेकलेल्या हवेत सापडतो आणि उचल जाते. हे कोणत्याही हेलिकॉप्टरला होतं, आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. फरक एवढाच की हेलिकॉप्टर सरळ खाली बसतं. इथं एका बाजूचा रोटर आधी सापडला, दुसरा उचलत राहिला, आणि विमान कुशीवर पलटलं. त्यानंतर कमी वेगात मिनिटाला ८०० फुटांची मर्यादा काटेकोर केली. कल्पना चुकीची होती असं मी म्हणणार नाही. मर्यादा कुठं आहे ते माणसं मेल्यावर नीट मोजलं, असं म्हणेन.

नवीपेठ_७:

मान्य, ॲरिझोनाचं कळलं. पण २०२३ चं काय? पन्नास वर्षं झाल्यावरही पडतंच की.

गिअरबॉक्सवाले_काका:

२०२३ चा अपघात माझ्या अंगणातला आहे, म्हणून सांगतो. २९ नोव्हेंबर, जपानच्या याकुशिमा बेटाजवळ. डाव्या रोटरच्या गिअरबॉक्समधलं एक पिनियन तडकलं. तुकडे इतर दात्यांत गेले, त्या बाजूची ताकद तुटली, विमान पलटलं. पुढं तीन महिने जगभरातली ऑस्प्रे जमिनीवर उभी होती.

आमच्या मोठ्या गिअरबॉक्सना तळाला चुंबकाचा ड्रेन प्लग असतो. तो काढला की त्यावर लोखंडाचा बुरा किती चिकटलाय बघायचं. पिठासारखा असेल तर झीज आहे, चालतं. टोकदार कण दिसले तर दाता सुटतोय, गिअरबॉक्स बंद. ऑस्प्रेमध्ये त्याच प्लगला वीज जोडलेली असते. कण अडकला की पायलटला दिवा दिसतो आणि बारीक कण तिथल्या तिथं जाळला जातो. त्या दिवशी असे इशारे एकामागून एक येत होते आणि ते उडत राहिले. चौकशी अहवालात धातूचा दोषही आहे आणि लवकर न उतरण्याचा निर्णयही आहे. पोलाद कितीही शुद्ध केलं तरी आत सूक्ष्म कण राहू शकतो आणि तडा तिथून सुरू होतो. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्येही हे घडू शकतं. पण टिल्टरोटरच्या गिअरबॉक्सला उभं, तिरकं, आडवं अशा सगळ्या अवस्थांत तेल पोचवायचंय आणि पूर्ण ताकद वाहायचीय. तिथं सवलत नाही.

म्हणूनच बेलचं नवं व्ही-२८० मला जास्त पटतं. डिसेंबर २०१७ मध्ये उडालं, २०२२ मध्ये अमेरिकन लष्करानं निवडलं. त्यात इंजिन आडवंच राहतं, फक्त रोटर आणि त्याचा गिअरबॉक्स वाकतो. इंजिनाचा गरम झोत जमिनीवर बसत नाही आणि उतरल्यावर बाजूच्या दारातून माणसं सरळ बाहेर पडतात. साठ वर्षांनी शहाणपण येतं ते असं.

मेकॅनिकल_तिसरं_वर्ष:

काका, मी इथंच इंजिनिअरिंगला आहे. प्रोजेक्ट म्हणून फोमचं छोटं टिल्टरोटर करतोय, दोन ब्रशलेस मोटरी पंखाच्या टोकाला, प्रत्येकीला वाकवायला एक सर्व्हो (कोन बदलणारी छोटी मोटर). हातात धरून बघितलं तर उचल भरपूर आहे. पण सोडलं की नाक वर-खाली करत डोलायला लागतं. आणि रोटर वाकवायला घेतले की डावं-उजवं वळण आणि कलणं यांचा गोंधळ होतो. गाईड म्हणतात कोड तपास. कोड मी दहा वेळा वाचलाय. कुठं बघू?

गिअरबॉक्सवाले_काका:

बाळा, कोडच्या आधी कागद घे.

तरंगताना डावा रोटर जोरात आणि उजवा हळू केला तर विमान कलतं. तेच रोटर पुढं वाकवल्यावर डावा जोरात केला तर विमान कलत नाही, उजवीकडं वळतं. म्हणजे एकाच मोटरच्या आज्ञेचा अर्थ कोनाप्रमाणे बदलतो. उलट बाजूनं, तरंगताना एक रोटर थोडा पुढं आणि एक मागं केला तर वळतं, आणि विमान असताना तेच केलं तर कलतं. मधल्या ४५ अंशांत दोन्ही थोडं थोडं. म्हणून कोनाच्या हिशेबानं एक आज्ञा कमी करत नेऊन दुसरी वाढवत न्यावी लागते, एकदम बदलून चालत नाही. एक्सव्ही-१५ मध्ये हे काम दांडे आणि लिव्हरच्या मिसळपेटीतून व्हायचं. रोटरचा कोन बदलला की ती पेटी आपोआप हिशेब बदलायची. तुझ्याकडं छोटा कॉम्प्युटर आहे, सोपं आहे.

नाकाचं दुखणं मात्र कोडचं नाही. खऱ्या टिल्टरोटरच्या पात्यांना हेलिकॉप्टरसारखा सायक्लिक असतो, म्हणजे फिरता फिरता प्रत्येक पात्याचा कोन बदलतो, आणि त्यावर नाक सांभाळलं जातं. तुझ्याकडं साधे प्रोपेलर आहेत. दोन मोटरींवर नाक धरायला तुझ्या हातात जवळजवळ काहीच नाही, दोन्ही सर्व्हो एकत्र पुढं-मागं करून जेवढं मिळेल तेवढंच. शेपटाला तिसरी छोटी मोटर लाव, वर बघणारी, आणि विमान झालं की ती बंद कर.

उडवण्याआधी जायरो (कलणं मोजणारा सेन्सर) हातानं तपास. मॉडेल उजवीकडं कलवलं तर उजवीच मोटर जोर धरते का ते बघ. जून १९९१ मध्ये पाचवं ऑस्प्रे पहिल्याच उड्डाणात विल्मिंग्टनला आपटलं होतं, कारण कलण्याचा वेग मोजणाऱ्या तीनपैकी दोन सेन्सरच्या तारा उलट्या जोडलेल्या होत्या. पायलट आवरत गेला आणि विमान आणखी डोलत गेलं. माणसं वाचली, विमान गेलं.

पहिली उड्डाणं खाली दोरी बांधून कर. आणि होटगी रोडकडं जाऊ नकोस, विमानतळाच्या आसपास ड्रोनसारखं काही उडवायला बंदी असते. ड्रोनसाठीचा सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा बघून जागा ठरव.

सर्व्होच्या माउंटचे फोटो इथं टाक. फोमला नुसतं गोंदानं चिकटवलं असशील तर मोटर बोटानं हलवून बघ. जरा जरी प्ले (ढिलेपणा) लागला तर पंखातून कार्बनची नळी आरपार घाल आणि माउंट त्या नळीला बांध, फोमला नको.